वर आलेला पेड

खाणीवर त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे त्याला सबूर म्हणत. कारण साधं होतं. माणसांनी भरलेला लोखंडी पाळणा खाणीत खाली सोडायच्या आधी हा ओरडायचा, "सबूर!" यंत्रघरातला माणूस दांड्यावरचा हात मागं घ्यायचा. मग हा पाळण्याच्या डोक्यावरचा तारेचा दोर डोळ्यांनी चाचपायचा, मुठीत धरून बघायचा आणि मगच मान हलवायचा. तोवर पाळण्यात कोंबलेली माणसं जेवणाचे डबे छातीशी धरून शिव्या घालत उभी.

"अहो सबूर, इथंच म्हातारे होऊ आम्ही!"

"व्हा की. तुम्ही म्हातारे व्हावं म्हणूनच तर थांबवलंय."

हसत, कुरकुरत माणसं खाली जायची. संध्याकाळी वर यायची. वर येणं ही इतकी रोजची गोष्ट झाली होती की त्याबद्दल कुणी कुणाचे आभार मानत नसे. सबूरलाही त्याचं काही वाटत नसे. भिंत उभी आहे म्हणून गवंड्याला रोज कोण नमस्कार करतं?

त्याचं घर म्हणजे कंपनीच्या चाळीतली शेवटून दुसरी खोली. शेवटची खोली त्याच्या धाकट्या बहिणीची, चिमीची. आईबाप लवकर गेले तेव्हा चिमी एवढीशी होती. तिची वेणी घालण्यापासून तिला शाळेत सोडण्यापर्यंत सगळं त्यानंच केलं. या धबडग्यात स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. चिमीचं लग्न मात्र त्यानं हौसेनं केलं, आणि तेही आपल्याच हाताखालच्या माणसाशी. त्या माणसाला खाणीवर भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लागल्यासारखा तो सदा धावत असायचा. काम सांगायचा अवकाश, निम्मं करून मोकळा. मन मोठं, तोंड गोड, पाण्यात पडलेल्या माणसासाठी आधी उडी मारील आणि मग आपल्याला पोहता येतं का याचा विचार करील, असा. सबूरला त्याचा राग यायचा आणि जीवही लागायचा.

"दोर म्हणजे सुतळी नाही रे," सबूर त्याला शिकवायचा. "मधे गाभा आणि भोवती सहा पेड. सहाजणांनी मिळून कपाट उचललंय असं समज. एकानं हात सैल सोडला म्हणून कपाट हलकं होत नाही, त्याचा भार बाकीच्या पाचांवर जातो. आणि सैल सुटलेला पेड फुगून वर येतो, चाकाच्या खाचेत घासतो आणि आधी तोच झिजतो."

"पण सुटतो कशानं?"

"तुझ्यासारख्या घाईच्या माणसानं. दोर कापायच्या आधी कापायच्या जागेच्या दोन्ही अंगांना तारेनं आवळायचा. एकदा नाही, तीन-तीनदा. दात-ओठ खाऊन आवळायचा. नुसता कापलास तर आतला पीळ उसळतो, पेड जागचे सरकतात. वरून काही दिसत नाही. पण ती सैल जागा दोराच्या पोटात बसून राहते, आणि कधीतरी कुठंतरी डोकं वर काढते."

रिळावरून दोर सोडायचा तर रीळ दांड्यावर गरगर फिरलं पाहिजे. आडवं टाकून वेढे ओढायचे नाहीत. वेढ्याला मुरड पडू द्यायची नाही, दोराचा शेवट मोकळा फिरू द्यायचा नाही. हे सगळं तो इतक्यांदा सांगायचा की भिंगरी त्याची नक्कल करायचा. जेवताना चिमीनं ताट पुढं केलं की म्हणायचा, "सबूर! आधी तीनदा आवळ!" चिमी हसून हसून बेजार व्हायची, आणि सबूरही मिशीतल्या मिशीत हसायचा. तो जेवायला त्यांच्याकडेच असायचा.

पाळण्याचा दोर बदलायचा दिवस आला आणि नेमक्या त्याच सकाळी चिमीच्या पोटात दुखायला लागलं. दिवस भरले होते. भिंगरी जायला निघाला, पण सबूरनं विचार केला. खाण बंद ठेवून माणसं खोळंबलीत, दोघंही गेलो तर काम अडेल. चिमीशी नवऱ्यापेक्षा भावाची ओळख जुनी. तोच चिमीला घेऊन दवाखान्यात गेला. जाताना म्हणाला, "सावकाश कर. काय वाट्टेल ते झालं तरी बांधल्याशिवाय कापू नकोस."

"जा हो दादा, मी काय लहान आहे?"

दुपार कलायच्या आत भिंगरी दवाखान्याच्या दारात हजर! हातांना काळं ग्रीस तसंच, श्वास लागलेला. मुलगी झाली होती. सबूर तिला कापडात गुंडाळून, पायरीवर बसून होता.

"एवढ्यात झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. चढवला, ताणला, पाळणा दोनदा वरखाली केला."

"शेवट नीट बांधलास ना?"

"हो दादा. आणा इकडं पोरीला."

सबूरनं पोर त्याच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यानं दोर पाहिला. कापलेला शेवट दोर गुंडाळणाऱ्या मोठ्या ड्रमच्या पोटात पकडीखाली गेलेला, वर ग्रीसचा थर. ते उघडायचं म्हणजे पुन्हा अख्खा दिवस खाण बंद. एरवी त्यानं ती केली असती. पण त्या दिवशी तो मामा झाला होता, सगळे पाठीवर थापा मारत होते, आणि त्याच्या मनात आलं की एकदा तरी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

पोर चालायला, बोलायला लागली. खाण आणखी खोल गेली. पाळणा आणखी खाली पोचावा म्हणून ड्रमवर राखून ठेवलेले, कधीही न उलगडणारे वेढे सोडावे लागले. आणि मग एका सकाळी, माणसं बसायच्या आधी रिकामा पाळणा सावकाश खाली सोडून दोर चाचपताना सबूरच्या मुठीला काहीतरी खटकलं. त्यानं हात वर केला. दोर थांबला. चिंधीनं ग्रीस पुसलं. म्हाताऱ्याच्या हातावरची शीर दिसावी तसा एक पेड बाकीच्या पाचांच्या वर आला होता. घासून चकचकीत झालेला. खिळा घालून पाहिला तर तो हलत होता.

"काय झालं?" भिंगरी मागून येऊन म्हणाला. मग त्यानंही पाहिलं.

सबूर त्याच्याकडे वळला नाही. ही सैल जागा कुठून निघालीय ते दोघांनाही कळलं होतं.

"एकाच अंगाला बांधलं होतं," भिंगरी हळूच म्हणाला. "तेही एकदाच. दवाखान्यात जायचं होतं, दादा."

"गप्प बस," सबूर म्हणाला. "पाळण्यासाठी थांबलेल्या माणसांना घरी पाठव."

खराब भाग कापून टाकता आला असता, पण मग दोर तळापर्यंत पुरला नसता. नवाच आणायला हवा होता. सबूर साहेबांकडे गेला. आजवर तो त्या खोलीत अनेकदा गेला होता: चाकाची खाच झिजलीय म्हणून, ग्रीस हलक्या दर्जाचं आहे म्हणून. दर वेळी साहेब मान वर न करता म्हणायचे, "बघू." आज मात्र साहेबांनी त्याला खुर्ची दिली. चहा मागवला.

"म्हणजे माणसं सोडणं धोक्याचं आहे, असं तुमचं मत?"

"हो साहेब. या दोरावर एकही माणूस नको."

"किती दिवस चालेल तो?"

"दोर सांगत नाही. उद्या जाईल, वर्ष काढील. पण मी सोडणार नाही."

"हा पेड वर आला कसा?"

सबूरनं चहाचा घोट घेतला. "जुना झाला की होतं असं," तो म्हणाला. आयुष्यात कामाबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

साहेबांनी मान डोलावली. "शाबास. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाचं ऐकलंच पाहिजे."

त्या दिवशी फाटकावर पाटी लागली: नवा दोर येईपर्यंत काम बंद. सबूर घरी आला तो जरा ताठ मानेनंच. चिमीला म्हणाला, "ऐकलं बाई शेवटी माझं."

नवा दोर आलाच नाही. आधी लोक गंमत करत होते, फुकटची सुट्टी म्हणून. मग उधारीवर आले, मग घरातली भांडी विकायला लागले. सबूर साहेबांच्या दारात खेटे घालत राहिला. आता त्याला खुर्ची मिळत नव्हती. दारातूनच उत्तर यायचं, "वर कळवलंय." शेवटी एकदा साहेबच बाहेर आले. त्यांच्या मागं खोलीत कपाटं रिकामी करून खोकी भरलेली होती.

"खालच्या थरात चांगला दगड उरलेला नाही," ते म्हणाले. "कंपनीचा विचार आधीपासून चाललाच होता. नव्या दोराचा खर्च कोण करणार? आणि जुन्यावर चालवायचं म्हटलं तर तुम्हीच सांगितलंत धोका आहे. माणसांच्या जिवाशी आम्ही खेळत नाही."

सबूरला तेव्हा कळलं की त्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. त्यांना एक निमित्त हवं होतं, आणि हा ते आपल्या हातानं पुसून, लखलखीत करून टेबलावर ठेवून आला होता.

गावाला एवढं बारीक कातायला वेळ नव्हता. खाण कुणी बंद केली? सबूरनं. सरळ हिशेब. चहाच्या टपरीवर तो आला की बाकावरची माणसं उठायची.

"इतकी वर्षं म्हणायचा सबूर, सबूर," खाली दगड भरणारा एक भरेकरी मोठ्यानं म्हणाला. "केली बाबा आम्ही सबूर. आता पोरांना काय, दोर शिजवून घालू?"

"दोर तुटला असता तर तुमची पोरं पोरकी झाली असती."

"पण तुटला का? तुटला का, ते सांग!"

तुटलेला दोर दाखवता येतो. न तुटलेला दोर काय दाखवणार? खाली पडून मेलेली माणसं सगळ्यांना दिसली असती. न मेलेली समोर उभी राहून त्यालाच शिव्या घालत होती.

त्यातून आगीत तेल पडावं तशी आणखी एक गोष्ट झाली. यंत्रं उतरवायला कंपनीला माहितगार माणूस हवा होता, आणि तिनं सबूरला ठेवून घेतलं. सगळ्यांचं काम गेलं आणि याचं राहिलं. तो नाही म्हणाला असता, पण चिमीच्या घरातही चूल अर्धीच पेटत होती. लोकांना काय, आयतं कोलीत मिळालं. म्हणाले, सबूर विकला गेला.

भिंगरी हातावर हात धरून बसणारा नव्हता. दूरच्या शहरात उंच इमारती उठत होत्या, तिथं जायचं त्यानं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी तो यंत्रघरात आला. सबूर एकटाच बोल्ट सोडवत होता.

"दादा, तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत."

"सांगून काय झालं असतं?"

"तुम्हाला शिव्या खाव्या लागल्या नसत्या."

"मग तू खाल्ल्या असत्यास. घरात दोन माणसं, शिव्या कुणीही खाल्ल्या तरी ताट एकच."

भिंगरी हसला नाही. खाली बसून त्यानं एक बोल्ट उचलला, उगाच फिरवत राहिला. "चिमीला कधी सांगू नका. तिला वाटतं, मी चांगला कारागीर आहे. तिला तसंच वाटू दे. मी तिथं नीट काम करीन. दादांची शपथ म्हणालो असतो, पण दादा तुम्हीच आहात."

"नाही सांगणार," सबूर म्हणाला. "जा. आणि घाई करू नकोस."

भिंगरीनं तिथं खरंच नीट काम केलं, असं नंतर कळलं. त्याचा काही दोष नव्हता. दोराचाही काही संबंध नव्हता. दुसऱ्याच कुणीतरी बांधलेल्या परांचीची फळी सरकली आणि तो वरून खाली आला. बातमी आणायला एक अनोळखी मुकादम आला, दारात उभा राहिला आणि चिमीकडे न बघता सगळं सबूरलाच सांगून गेला.

सगळं आटोपून माणसं पांगल्यावर चिमी भावाच्या खोलीत आली. डोळे कोरडे होते. ती उभीच राहिली.

"तू दोर थांबवला नसतास तर तो इथंच असता."

"चिमे, तो दोर तुटला असता. तोही त्यात असता."

"असता, असता. तुटला नाही ना? तो पडला. माझा माणूस पडला, आणि तुझा दोर तिकडं धडधाकट आहे."

सबूरच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. फक्त चार शब्द. ते तो गिळून बसला. ती गेली. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीत भांड्यांचा आवाज झाला, पोरीला जेवायला हाक मारल्याची चाहूल आली. ताट आलं नाही. पुढंही आलं नाही. तो पुन्हा हातानं रांधायला लागला, म्हातारपणी जसं जमेल तसं.

दोर उतरवायची वेळ आली तेव्हा त्यानं तो शेवटपर्यंत रीतीनंच उतरवला. भंगारवाला हसत होता: "आता कुणाला लटकवायचंय याला?" सबूरनं लक्ष दिलं नाही. वर आलेला पेड मधे ठेवून, दोन्ही अंगांना आवळून त्यानं दोराचा तुकडा कापला आणि एकटाच बसून उलगडला. गाभा कोरडा ठणठणीत होता. आतल्या अंगाला पेडांनी एकमेकांना चावे घेतले होते, काही तारा तुटलेल्या होत्या. पण त्याला वाटलं होतं तेवढ्या नाहीत. तो बराच वेळ त्या तारा बोटांनी हलवत राहिला. आठवडाभरात गेला असता का? की आणखी वर्ष निघालं असतं, तेवढ्यात खाण आपोआप बंद झाली असती, माणसं हळूहळू दुसरीकडे लागली असती, भिंगरी सावकाश काम शोधून गेला असता? इतकी वर्षं दोर हाताळले, पण हे त्याला सांगता येईना. त्यानं तुकडा भंगाराच्या ढिगात टाकला आणि हात पुसले.

चिमी शिवणकाम करून पोरीला वाढवत होती. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. सबूर पगारातला भाग भाचीच्या हाती पाठवायचा. तो परत यायचा नाही, पण घेतला असं कुणी कधी म्हणायचंही नाही. भाची मात्र लपूनछपून त्याच्या उंबऱ्यावर येऊन बसायची, आणि वडिलांच्या गोष्टी विचारायची.

"बाबा खाणीवर सगळ्यात हुशार होते ना, मामा?"

"होते," तो म्हणायचा. "त्यांच्यासारखं चपळ कुणी नव्हतं." यात खोटं काही नव्हतं.

एका दुपारी मात्र भाचीऐवजी चिमी आली. केस पांढरे व्हायला लागले होते. पुष्कळ दिवसांनी ती त्याच्या खोलीत पाऊल टाकत होती. तो लगबगीनं उठला, तिला बसायला गोणपाट झटकू लागला.

"बसायला नाही आले," ती म्हणाली. "एक विचारायचंय. बाजारात यंत्रघरातला जुना माणूस भेटला होता. तो म्हणाला, दोर म्हातारा नव्हता. चढवताना कुणीतरी चूक केली म्हणून खराब झाला, नाहीतर अजून चालला असता. खरं आहे?"

सबूर गोणपाट हातात धरून उभा राहिला.

"खरं आहे."

"कुणी केली?"

शिवणाऱ्या बाईचे डोळे बारीक झालेले असतात. तसे डोळे करून ती त्याच्याकडे बघत होती. त्याला वाटलं, हिला माहीत आहे. माहीत असून विचारतेय. मग वाटलं, नाही, हिच्या घरात भिंतीवर जो फोटो लागलाय तो एकच माणूस हिच्याजवळ उरलाय.

"मी," तो म्हणाला.

"तू तर त्या दिवशी माझ्याजवळ होतास दवाखान्यात."

"नंतर शेवट तपासायचं काम माझं होतं. मी उघडून पाहिला नाही. चूक माझीच."

यातलाही शब्द न् शब्द खरा होता. तेवढंच त्याला बरं वाटलं.

चिमीनं हळूहळू मान हलवली. "म्हणजे तू दोर बिघडवलास, तूच थांबवलास, आणि मेला तो."

"हो."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि निघून गेली.

आठ दिवसांत चाळभर झालं. नवल म्हणजे, लोक त्याच्याशी आधीपेक्षा बरे वागू लागले. विकला गेलेला माणूस समजत नाही, चुकलेला समजतो. टपरीवर भरेकऱ्यानं त्याच्यासाठी बाकावर जागा केली, म्हणाला, "होतं माणसाच्या हातून." सबूरनं चहा घेतला. कडू झाला होता, पण कुणी स्वतःहून पुढं केला होता म्हणून संपवला. भाची मात्र उंबऱ्यावर यायची बंद झाली. त्याचं त्याला सगळ्यात जास्त लागलं.

चाळ पाडायची ठरली तेव्हा चिमी पोरीला घेऊन बाजाराजवळ भाड्याच्या खोलीत गेली. सामान हातगाडीवर चढत असताना सबूर मदतीला गेला. शिवणाच्या मशीनला त्यानं दोरी आवळली, गाठ ओढून पाहिली. चिमीनं ती सोडली आणि आपल्या हातानं पुन्हा बांधली.

तो बंदरावर गेला. तिथं क्रेनच्या दोरांचे शेवट बांधायचं काम होतं, ते त्याला मिळालं. बोटं आखडेपर्यंत त्यानं ते केलं. घाई करणाऱ्याला तो ओरडायचा, पण आता कारण सांगत बसायचा नाही. भाचीचं लग्न होऊन गेल्याचं त्याला तिकडे आलेल्या एका ट्रकवाल्याकडून कळलं.

जेवणाच्या सुट्टीत एकदा बरोबरच्या हमालानं विचारलं, "घरी कोण असतं तुमच्या, काका?"

"एक बहीण आहे."

"येते का कधी भेटायला?"

"लांब असते ती," सबूर म्हणाला. तिची खोली बसनं तासाभरावर होती. त्यानं डबा बंद केला, हात धुतले आणि तारेचं बंडल ओढून पुन्हा कामाला बसला.